ताण असलेल्या गावात इफ्तार, फराळ, क्रिकेट : उपयोग होतो का? अनुभव हवेत

नदीकाठचा
प्रश्न सरळ विचारतो. दोन समाजांत ताण आहे अशा गावात इफ्तार, दिवाळीचा फराळ, क्रिकेटचे सामने, संवाद बैठका असं काही केलं तर खरोखर फरक पडतो का? की फोटो निघतात, हार घालून होतात आणि पुढच्या स्टेटसला पुन्हा सगळं पहिल्या पानावर?

पार्श्वभूमी : आमचं कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून जी दंगल झाली, सप्टेंबरात साताऱ्याकडच्या पुसेसावळीला जी झाली, ती इथल्या लोकांनी जवळून पाहिलीय. त्यानंतर आमच्याकडेही एका मोबाइल स्टेटसवरून बाजारपेठ बंद झाली, दगड पडले. सुदैवानं कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून वरच्या आळीची पोरं खालच्या आळीतल्या गॅरेजात गाडी टाकत नाहीत आणि खालच्या आळीनं किराण्याचं दुकान बदललं. भांडण नाही, बोलणंच बंद.

आम्ही काही जण जमलोय. शिक्षक, डेअरीवाले, तेच गॅरेजवाले, मेडिकलवाले, कॉलेजची पोरं. वर्गणी थोडी आहे. खर्च कशावर करावा ते कळेना. ज्यांनी प्रत्यक्ष काही केलंय त्यांनी लिहा. कुणाचा धर्म बरा यावर कृपया वेगळा धागा काढा.

टवाळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी नक्की.

चष्मिष्ट
फोटोपुरतंच असतं. आमच्या शहरात दर रमजानला सर्वपक्षीय इफ्तार होतो. टोप्या घातलेले तेच चार नगरसेवक, खजूर हातात धरून कॅमेऱ्याकडे बघणारे. ज्यांच्यात दगडफेक होते ती पोरं तिथे वाढप्याचं काम करत असतात. पैसे वाचवा, सीसीटीव्ही लावा.

भिवंडीकर_जुना
चष्मिष्ट, अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडं लांब लिहितो.

भिवंडीत मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. न्या. मादन आयोग नेमला गेला तो त्याच दंगलीसाठी. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच, आणि तेव्हा आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. गावाचं नावच वाईट झालं, सोयरीक जुळवताना लोक विचार करायचे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता कमिटी आधीही होतीच, सगळीकडे असते. पण तिच्यात कोण? पुढारी, दोन्हीकडचे मानकरी, आणि ज्याला पोलीस ठाण्यात खुर्ची मिळावी अशी हौस आहे तो. खोपड्यांनी ती बाजूला ठेवून वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या केल्या, सत्तरच्या आसपास. दोन्ही समाजांची माणसं सारखी आणि माणसं साधी : यंत्रमागवाला, पानवाला, शिक्षक, रिक्षावाला. त्या भागाचा पोलीस अंमलदार बैठकीला.

बैठकीत काय व्हायचं? सलोख्यावर भाषणं फार कमी. तुंबलेली गटारं, नळावरची भांडणं, रात्री उशिरापर्यंतचा लाउडस्पीकर, कुणाच्या पोराला विनाकारण उचलला, भाडेकरूचा वाद. कंटाळवाणं काम. पण त्यामुळे झालं असं की अब्दुलभाईला पाटलांचं घर माहीत झालं आणि पाटलांना हवालदाराचं नाव. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबई जळत होती, आणि तिथून एवढ्याशा अंतरावरची, आधी दोनदा पेटलेली भिवंडी शांत राहिली. अफवा आल्या नाहीत असं नाही. अफवा आली की लोक एकमेकांना आणि चौकीला विचारायचे.

इफ्तारही व्हायचे, शिवजयंतीलाही लोक एकत्र यायचे. पण ते सगळं बैठकांच्या मागून आलं, आधी नाही.

अर्धवटराव
आणि २००६? कोटरगेटच्या दंगलीत दोन पोलीस शिपायांना जमावानं मारलं ती भिवंडीच ना? तेव्हा कुठे गेल्या कमिट्या?

भिवंडीकर_जुना
रास्त प्रश्न. तेव्हा वाद पोलीस ठाण्याच्या बांधकामाचा होता, शेजारी कबरस्तान. पोलिसांच्या गोळीबारातही माणसं गेली. पण ९२ ला टिकलेली कमिटी २००६ ला कागदावरच उरली होती. अधिकारी बदलला की नव्याला आधीच्याचं बाळ सांभाळायची हौस नसते. आमच्याकडे बैठका आधी महिन्यावर गेल्या, मग सणापुरत्या, मग चहापुरत्या.

माझ्या मते यावरून प्रयोग फसला असं ठरत नाही, तो थांबवला की परिणामही थांबतो एवढं ठरतं. आणि तो एका अधिकाऱ्यावर उभा असणं ही त्याची कमजोरीच.

शमा_मिरज
वाचतेय. माझा अनुभव थोडा तिरका आहे.

आमच्या मिरजेत मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. भारतभरातले मोठे कलाकार तिथे हजेरी लावतात, ऐकायला सगळे. सतारी करणारे आमचे लोक, त्या वाजवणारे अर्धेअधिक तुमचे. लहानपणापासून ‘मिरजेची परंपरा’ ऐकत मोठी झाले. आणि त्याच मिरजेत २००९ च्या गणपतीत कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना. परंपरा होती, सतारी होत्या, उरूस होता. झालीच.

म्हणून ‘आमच्याकडे शेकडो वर्षांचा सलोखा आहे’ हे वाक्य ऐकलं की मला धास्तीच वाटते. ते बोलणारा माणूस पुढे काही करणार नसतो.

दुसरं. सलोख्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला मला ‘मुस्लिम महिला प्रतिनिधी’ म्हणून स्टेजवर बसवतात. बँकेत नोकरी करते, गृहकर्जाबद्दल विचारा, सहकारी बँकांबद्दल विचारा, तासभर बोलेन. नाही. ‘ताई, शीरखुर्मा कसा करता?’ मला तो करता येत नाही हो! अब्बा करतात.

टवाळ
अब्बांना स्टेजवर बोलवा मग.

शमा_मिरज
ते येतील, पण माइक सोडणार नाहीत.

वाळवेकर
शमाताई, मान राखून असहमत. परंपरेला एवढं हलकं घेऊ नका. आमच्या वाळवा तालुक्यात गोटखिंडीला १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. बकरी ईद गणपतीत आली तेव्हा तिथल्या मुस्लिम मंडळींनी आपणहून त्या दिवसांत कुर्बानी केली नाही. कुरुंदवाडलाही मशिदींत गणपती बसतात. कडेगावचा मोहरम बघितलाय का कुणी? गगनाला भिडणारे ताबूत, त्यात हिंदूंचेही ताबूत, आणि भेटीला सगळा तालुका लोटतो. माझ्या आजोबांनी पीर खांद्यावर घेतलेत. ही माणसं कुणाच्या सांगण्यावरून एकत्र येत नाहीत, त्यांचा तो सणच आहे.

आन् तुका म्हणे म्हणणारी पालखी देहूतनं निघाली की पहिला विसावा अनगडशहाबाबांच्या दर्ग्याजवळ असतो. हे काय प्रशासनानं ठरवलंय व्हय?

शमा_मिरज
वाळवेकरदादा, हलकं घेत नाही. गोटखिंडीत गणपती मशिदीत बसवायचा तर दरवर्षी कोण झाडणार, मांडव कोण घालणार, वीज कुठून घेणार हे दोघांना मिळून ठरवावं लागतं. तुमच्या परंपरेचं बळ त्यात आहे. भिवंडीकरांची गटारं आणि तुमचा मांडव मला एकाच जातीचे वाटतात. संगीत सभेत मात्र मी येते, ऐकते, घरी जाते. शेजारच्या खुर्चीवर कोण होतं ते मला कधीच कळत नाही.

वाळवेकर
हे पटलं. मांडवाच्या बांबूवरनं भांडणंबी लई होत्यात.

मास्तर
धाग्यात एक मोठी जागा रिकामी आहे. ‘दोन समाज’ म्हटलं की सगळे हिंदू-मुस्लिमच धरून बसलेत. गावात आणखी एक वस्ती असते, वेशीबाहेरची, तिच्याशी सलोख्याचे कार्यक्रम करून आपल्याला शंभर वर्षं झाली.

रत्नागिरीत पतितपावन मंदिर १९३१ चं. सर्वांना प्रवेश, सहभोजनं, हळदीकुंकू, सगळं झालं. साने गुरुजी पंढरपूरचं दार उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये उपोषणाला बसले. आणि बाबासाहेबांनी १९३६ मध्येच, लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळानं रद्द केलेल्या त्या भाषणात सांगून ठेवलं होतं की सहभोजनानं जात मरत नाही, सहभोजन करणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. आंतरजातीय लग्नं हवीत, आणि त्याच्याही मुळाशी जी धार्मिक समजूत आहे ती गेली पाहिजे.

एका पंगतीत जेवलो म्हणजे बरोबरीचे झालो असं नाही. पंगत उठली की एक जण वाड्यावर जातो आणि दुसरा त्याच वाड्याच्या शेतावर मजुरीला. १९७२ मध्ये बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ हाती घेतलं ते मला जास्त टोकदार वाटतं, कारण पाणी रोज लागतं. त्यात फोटोला जागा नव्हती, मार मात्र भरपूर होता.

नदीकाठचा, तुमच्या जमलेल्या मंडळींत त्या वस्तीतलं कोण आहे?

चष्मिष्ट
मास्तर, म्हणजे माझंच म्हणणं झालं की. जेवणावळी निरुपयोगी.

मास्तर
नाही. तुम्ही म्हणता निरुपयोगी, सीसीटीव्ही लावा. मी म्हणतो अपुरी, पुढे जा. तुम्ही ज्या दिशेला निघालात, मी तिच्या उलट चाललोय.

चष्मिष्ट
लेखनसीमा.

आकडेमोड्या
‘उपयोग होतो का’ याची कुणीतरी नीट मोजदाद केली आहे, आणि तीही क्रिकेटवर! मॅट लो नावाच्या अर्थतज्ज्ञानं उत्तर प्रदेशात बाराशेहून जास्त तरुण घेऊन क्रिकेट लीग भरवली. काही पोरं चिठ्ठ्या टाकून मिश्र जातींच्या संघात, काही एकाच जातीच्या संघात. ज्यांना संघात दुसऱ्या जातीचे सोबती मिळाले त्यांची जातीबाहेर मैत्री वाढली, आपल्याच जातीला झुकतं माप देणं कमी झालं. पण दुसऱ्या जातीचे खेळाडू समोरच्या संघात, म्हणजे प्रतिस्पर्धी म्हणून भेटले, तिथे हे फायदे दिसले नाहीत. उलट काही बाबतींत परिणाम नकोसाच होता.

दुसरा अभ्यास सलमा मूसा यांचा, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. इराकमध्ये आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिश्चन फुटबॉलपटूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घातले. सहा महिन्यांनंतरही ती पोरं मुस्लिमांबरोबर सराव करत होती, पुढच्या हंगामाला मिश्र संघात नाव देत होती. मात्र मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दल वागणं फारसं बदललं नाही. मुस्लिमबहुल मोसूल शहरातल्या हॉटेलात जेवायला जा म्हटलं तर तितका उत्साह नाही.

त्यामुळे ‘वरची आळी विरुद्ध खालची आळी, मैत्रीपूर्ण सामना’ हा प्रकार कृपा करून करू नका. संघच मिसळा.

टवाळ
आमच्या गल्लीत सगळे एकाच आडनावाचे. तरी एलबीडब्ल्यूवरून दोन काकांचं बोलणं बंद आहे ते आहेच. त्यावर एखादा अभ्यास?

आकडेमोड्या
त्याला भाऊबंदकी म्हणतात. त्यावर महाभारत आहे.

बेलफास्टी
आकडेमोड्यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी कोल्हापूरचा, सध्या उत्तर आयर्लंडमध्ये. इथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मध्ये अजून उंच भिंती आहेत, ‘शांतता भिंती’. २०२३ पर्यंत सगळ्या पाडू असं २०१३ मध्ये सरकारनं जाहीर केलं होतं. रोज ऑफिसला जाताना त्यातल्या एकीजवळून जातो, उभीच आहे.

पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. इथला सगळा तंटा मिरवणुकीच्या मार्गाचा! उन्हाळ्यात ऑरेंज मंडळींच्या, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या संघटनेच्या, ढोल-बासरीच्या मिरवणुका निघतात, त्या कॅथलिक वस्तीवरून नेण्याचा आग्रह, आणि वस्तीचा विरोध. पोर्टाडाउनच्या एका रस्त्यावरून नव्वदच्या दशकात वर्षानुवर्षं हाणामारी झाली. ऐकल्यावर घरच्यासारखं वाटलं की नाही? मग १९९८ च्या कायद्यानं मिरवणुकांसाठी स्वतंत्र आयोगच बसवला. मिरवणूक काढणाऱ्यानं २८ दिवस आधी पोलिसांना कळवायचं : मार्ग कोणता, किती वाजता, बँड किती. आक्षेप असेल तर आयोग ठरवतो की कोणत्या कोपऱ्यावर वाजवणं बंद ठेवायचं. आणि ठरवताना आयोग हेही बघतो की दोन्ही बाजू आधी आपसात बोलल्या का.

डेरी शहरात मात्र व्यापाऱ्यांनी मध्ये पडून दोन्ही बाजूंना टेबलावर आणलं. त्यांना बाजार बंद पडणं परवडत नव्हतं, एवढा साधा स्वार्थ. तिथे मिरवणूक आता बरीच शांत जाते. माझा सल्ला : ‘प्रेम’ वगैरे नंतर बघा. आधी मार्ग, वेळ आणि आवाज या तिन्हींवर लेखी ठरवा. मैत्री नसलेल्या माणसांनाही ते जमतं.

ठाणेअंमलदार_निवृत्त
बेलफास्टी, अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत. उभी नोकरी बंदोबस्तात गेली. नाव-गाव लिहीत नाही.

मिरवणूक कधी बिघडते ते सांगतो. ती प्रार्थनास्थळासमोर रेंगाळते तेव्हा. पुढच्या मंडळाचा ट्रॉलीचा टायर बसला, मागचे तिथेच थांबले, डीजेवाल्याला वाटतं थांबलोय तर वाजवू. आत नमाज सुरू असते. निम्म्या वेळा हेतू काही नसतो, पण तेवढ्यात कुणीतरी व्हिडिओ काढतो आणि मग हेतू तयार होतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही दोन्हीकडची पाच-पाच पोरं त्या टप्प्यावर उभी करायचो, काम एकच : ट्रॉली ढकलत राहायची. पोलिसाचं न ऐकणारी पोरं ओळखीच्या पोराचं ऐकतात.

समाज आपणहून किती मोठं मन दाखवतो याचंही उदाहरण आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला आणि सरकारनं २९ ची सुट्टी दिली. २०२४ लाही जुलूस पुढे ढकलला. त्याच २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी होती, कित्येक गावांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं ठरवलं. आता याची परतफेड म्हणून हिंदू मंडळांनी काय केलं, हे मी नाही विचारत. तुम्हीच विचारा.

स्पष्टवक्ता_०७
सगळे उपदेश एकाच बाजूला. संवाद नेहमी आम्हीच का करायचा? पहिला दगड कोण मारतं ते सगळ्यांना माहीत आहे. औरंगजेबाचं स्टेटस ठेवणाऱ्याला आधी समजवा, मग आम्हाला फराळाचं आमंत्रण द्या.

शमा_मिरज
ठाणेअंमलदारांची यादी पुन्हा वाचा, त्यात पुढे ढकललेले जुलूस कुणाचे आहेत. पण ते सोडा. असलं स्टेटस ठेवणाऱ्या पोराला मी स्वतः झापलंय, घरी जाऊन, त्याच्या आईसमोर. ते मी करू शकले कारण त्याची आई माझ्या ओळखीची. तुम्ही त्याला झापलं असतं तर तो गल्लीचा हीरो झाला असता. तुमच्या बाजूच्या पोराला तुम्ही झापा. कामाची वाटणी अशी केली तर चालेल?

स्पष्टवक्ता_०७
बोलायला सोपं.

मास्तर
स्पष्टवक्त्यांचा सूर पटत नाही, पण त्यांना हाकलू नका. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं तेव्हा स्वतःच्या समाजाला तलाक आणि बहुपत्नीत्वावर खडे बोल सुनावले, आणि हिंदू जातीयवाद्यांनाही सोडलं नाही. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. संवादाच्या बैठकीत असा एखादा माणूस नसेल तर ती चहाची बैठक. राग घेऊन येणारा माणूस बैठकीत बसलेला बरा, बाहेर चौकात उभा असण्यापेक्षा.

संपादक मंडळ
वैयक्तिक शेरेबाजीचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

टवाळ
दोनच? मी तर पंचवीसची पैज लावली होती.

मापशेकार
गोव्यातून एक भर घालतो. आमच्या म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त (जत्रा) असतं. लोकांचा समज असा की शिरगावची लईराई देवी आणि मिलाग्रीस या सात बहिणींपैकी. देवळातून इगर्जीला (चर्चला) तेल जातं, इगर्जीकडून देवीला मोगरीची फुलं. फेस्ताला हिंदू रांग लावून तेल वाहतात. पाद्रीलाही त्यात काही वावगं वाटत नाही आणि भटालाही. माझी आई म्हणायची, बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं.

आता शमाताईंसारखंच मीही म्हणतो की नुसत्या तेलावर काही चालत नाही. गोव्यात भांडणं नाहीत असं नाही, जमिनीवरून तर भरपूर. पण सण म्हटलं की ‘त्यांचा’ आणि ‘आमचा’ असं पटकन तोंडात येत नाही, एवढं खरं.

आज्जीचा_बटवा
मोहरमचा विषय निघालाच आहे तर चोंग्यांची आठवण झाली. आमच्या शेजारच्या मुल्लाणी काकू गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून, लाटून, ठशावर नक्षी उठवून तेलात सोडायच्या. तसे चोंगे आता कुठे मिळतात का? सांगली भागात?

वाळवेकर
कडेगावला मिळत्यात मोहरमात. वाटेत थांबा, घरी घेऊन जातो.

टवाळ
धागा हायजॅक झाला. आणि पहिल्यांदाच कुणाची तक्रार नाही.

वैशाली_बचतगट
बायकांचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून लिहिते. मी बचत गटांचं काम बघते. पुरुषांच्या शांतता बैठकीत सगळे हाताची घडी घालून बसतात. आमच्या गटात कर्ज फेडायचं असतं, म्हणून एकमेकींचं घर माहीत असावंच लागतं. रुबिनाचा हप्ता चुकला तर सुनीताच्या कर्जाची फाइल अडकते. मग सुनीता रुबिनाच्या घरी जाते, भांडते, आणि भांडता भांडता कळतं की नवऱ्याचं काम सुटलंय. पापड-मसाल्याची ऑर्डर दोघी मिळून पूर्ण करतात. बाहेर बाजार बंद असताना आमच्या एका गटाची बैठक झाली, कारण ऑर्डर दुसऱ्या दिवशी द्यायची होती. ‘राष्ट्रीय एकात्मता’ हा शब्द आमच्यात कुणी आजवर उच्चारलेला नाही.

एक सावधगिरी. मुद्दाम ‘मिश्र गट’ बनवायला गेलात तर बायका येत नाहीत. जवळजवळ राहणाऱ्या दहा-बारा जणी घ्या, त्या आपोआप मिश्र निघाल्या तर उत्तम. वस्त्याच वेगळ्या असतील तर शाळेच्या पालक सभेतून सुरुवात करा.

धारावीवाला
वैशालीताईंना अनुमोदन. ९३ नंतर आमच्या धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी मोहल्ला कमिटीचं काम उभं केलं. चार धर्मांच्या वेशातल्या चार मुलांचं ‘हम सब एक हैं’चं पोस्टर वकारभाईंचंच. ते पोलीस चौक्यांपासून दुकानांपर्यंत लागलं. पोस्टरनं काय होतं म्हणून हसणारे तेव्हाही होते. पण पोस्टरमागे हे दोघे रोज रस्त्यावर दिसायचे, आणि लोकांना भांडण घेऊन जायला एक दार माहीत होतं. मुंबईत तेव्हा माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, पोलीस आयुक्त सतीश साहनी, शांततेचं काम करणाऱ्या सुशोभा बर्वे अशी मंडळी मोहल्ला कमिट्यांमागे उभी राहिली. क्रिकेटचे सामनेही व्हायचे, पोलीस आणि वस्तीतली पोरं मिळून.

नदीकाठचा
सगळ्यांचे आभार. उशीर झाला, ऊसतोड सुरू आहे.

इथलं वाचून आमची बैठक झाली. ठरलं ते सांगतो, चुकत असेल तर ओढा.

इफ्तारचा आणि फराळाचा मोठा कार्यक्रम रद्द. ज्याला ज्याच्या घरी जायचं त्यानं जावं, बॅनर नाही. त्यावरून आमच्यातले एक ज्येष्ठ नाराज आहेत, त्यांनी मंडपवाल्याला शब्द दिला होता.

गणपतीच्या आधी मंडळांची आणि जमातची एक बैठक घेऊन मार्ग, वेळ, आवाज लेखी ठरवायचा. मशिदीसमोर ट्रॉली ढकलणारी पोरं आत्ताच नक्की करायची. ही कल्पना सगळ्यांना आवडली, गॅरेजवाल्यांनी टायरची आणि जॅकची जबाबदारी घेतली.

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर : त्या वस्तीतलं कुणी नव्हतं. विचारायला गेलो तर तिथल्या ताईंनी विचारलं, ‘आमच्या नळाचं बोलणार असाल तर येते.’ त्यामुळे पहिल्या बैठकीचा पहिला विषय नळ. वर्गणीतला काही भाग त्यालाच जाईल बहुतेक, आणि त्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. काहींचं म्हणणं, नळ हे ग्रामपंचायतीचं काम, आपलं नव्हे.

आणि क्रिकेट. मिश्र संघ, चिठ्ठ्या टाकून. कप्तानही चिठ्ठीनं. टेनिस बॉल. अडचण एकच उरली आहे, पंच कुठून आणायचा? गावातला कुणीही चालणार नाही असं दोन्हीकडची पोरं पहिल्यांदाच एकमतानं म्हणाली.

मास्तर
नळाला ग्रामपंचायतीकडे पाठवू नका. तुम्ही दोन्ही आळ्यांची माणसं घेऊन ग्रामपंचायतीकडे जा.

ठाणेअंमलदार_निवृत्त
पंच शेजारच्या तालुक्यातला पीटी शिक्षक बघा. पोलिसाला पंच करू नका. निर्णय चुकला तर खातं बदनाम होतं, बरोबर आला तरी होतं.

स्पष्टवक्ता_०७
मिश्र संघात आमच्या गावची पोरं खेळायला तयार झाली नसती. तुमच्याकडे झाली हे मला खरंच आश्चर्याचं वाटतं. काय सांगितलंत त्यांना?

नदीकाठचा
काही नाही. पहिलं बक्षीस रोख आहे हे सांगितलं.

भिवंडीकर_जुना
बैठकांची वही ठेवा. कोण आलं, कशावर बोलणं झालं, कोणाचं काम अडलंय. नवा पीआय आला की ती त्याच्या हातात द्या. आमच्याकडे वह्या नव्हत्या.

टवाळ
महत्त्वाचा प्रश्न राहिला. टी-शर्टचा रंग? भगवा नको, हिरवा नको, निळा नको.

अर्धवटराव
पांढरा?

टवाळ
मैदान काळ्या मातीचं आहे. आया मारतील.

आज्जीचा_बटवा
जांभळा घ्या. अजून कुणाचा झालेला नाही.

वाळवेकर
इचलकरंजीत होलसेलवाला ओळखीचा आहे, जांभळ्यात दोन छटा मिळतील. संघ किती आणि साइज काय ते व्यनि (खासगी निरोप) करा, उद्या तिकडंच निघालोय.